झोप लागली का, बाई?

२०२४ च्या जूनमध्ये एका रात्री साडेअकराला पुण्याहून नातीचा फोन आला. इतक्या उशिरा फोन म्हटल्यावर छातीत धस्स झालं. ती नीट बोलत होती, रडत वगैरे नव्हती. म्हणाली, "आजी, खरं सांग. तुला पण हेच आहे ना?"

मी गप्प बसले. चौतीस वर्षं मुलींना शिकवलं, उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका, निदान "येत नाही" म्हणा, असं हजारदा सांगितलं. आणि त्या रात्री मीच गप्प बसले.

मग म्हणाले, "हो."

हा लेख त्या "हो" बद्दल आहे. तो मी फार उशिरा उच्चारला. नातीची परवानगी घेऊन लिहिते आहे, नाहीतर तिच्याबद्दल एक अक्षरही लिहिलं नसतं.

झालं होतं असं. नात कॉलेजात असताना दीड-दोन वर्षं उदास होती. अंथरुणातून उठवत नसे. तिनं हिमतीनं स्वतःहून डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला मानसिक आजार आहे का? तिनं सांगितलं, नाही. पोरीनं खोटं सांगितलं नव्हतं. तिला ठाऊकच नव्हतं. उदासीनतेच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत उलटंच झालं. झोप उडाली, बोलण्याला धरबंध राहिला नाही, मैत्रिणींकडून उसने पैसे घेऊन काय काय विकत घेऊन झालं. बायपोलर आजाराच्या काही माणसांत नुसत्या उदासीनतेच्या गोळ्या दिल्या की पारडं असं एकदम उन्मादाकडं झुकतं. म्हणून तर डॉक्टर घराण्याची चौकशी करतात. रक्ताच्या नात्यात हा आजार असेल तर धोका वाढतो. बहुतेक मुलानातवंडांना तो होत नाही हे खरं, पण डॉक्टरला माहीत असलेलं बरं.

आमच्या घरात त्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं. आम्ही ते कुलूप लावून ठेवलं होतं. डॉक्टरांची चूक नाही, नातीची नाही. चूक माझी.

आता माझं सांगते.

१९७९ साली मुलगा झाला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. मी सारखी बोलत होते, गात होते, पहाटे तीनला अंगण सारवायला घेत होते. घरच्या वडीलधाऱ्यांनी निदान केलं, बाळंतवात. सासूबाई पुढं मला वाडीला सेवेला घेऊन गेल्या. कुरुंदवाडहून नरसोबाची वाडी म्हणजे नदीपलीकडं. एकवीस दिवस प्रदक्षिणा घातल्या. सासूबाईंना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी जे त्यांना ठाऊक होतं ते मायेनं केलं. बाळंतपणानंतर बायपोलर आजार पहिल्यांदा डोकं वर काढतो असं पुष्कळ बायकांत होतं, हे आता मला कळतं. तेव्हा आमच्यापैकी कुणाला कळणार?

पुढची सतरा वर्षं कधी बरी, कधी वाईट गेली. वाईट दिवसांत वर्गात उभं राहून तास घेतला तरी घरी आल्यावर चूल पेटवायची ताकद नसे. साठ मुलींच्या निबंधाच्या वह्या महिनाभर तशाच टेबलावर. लोक म्हणायचे, बाई आळशी झाल्या.

१९९६ च्या डिसेंबरात मात्र सगळंच उधळलं. शाळेचं गॅदरिंग होतं. मी अकरा रात्री झोपले नाही. अख्खं नाटक लिहिलं, शंभर मुलींना घेऊन बसवायला लागले, शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून मुलींसाठी लुगडी घेतली. कुणी अडवलं की त्याला असं तोडून बोलायची की आज आठवलं तरी मान खाली जाते. शेवटी ह्यांनी आणि माझ्या भावानं मला गाडीत घालून मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्या सगळ्या वर्षांना एक नाव दिलं. तेव्हा त्याला मॅनिक डिप्रेशन म्हणत, आता बायपोलर म्हणतात. मराठीत द्विध्रुवीय मनोविकार. एका टोकाला उन्माद, दुसऱ्या टोकाला खिन्नता, आणि मधे बराच काळ तुमच्याआमच्यासारखं साधं माणूस.

लिथियम सुरू झालं. लिथियम हे एक क्षार आहे, जमिनीत सापडणारं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवून दिला. इतकी वर्षं झाली तरी ते अजून टिकून आहे. मला त्यानं उभं केलं. मी शाळेत परत गेले, निवृत्त होईपर्यंत शिकवलं. औषधाबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि हा लेख वाचून कुणी गोळी सोडायचा विचार केला तर माझं लिहिणं फुकट गेलं असं समजेन.

पण एक गोष्ट गोळीनं भागत नव्हती. बरी झाल्यावर मला भयंकर एकटं वाटायला लागलं. डॉक्टर चांगले होते, पण त्यांना मी दहा मिनिटं मिळायची. घरचे जिवाला जीव देणारे होते, पण ते माझ्याकडं घाबरून बघायचे. मी जोरात हसले तरी ह्यांची नजर कॅलेंडरवर जायची, गोळ्या चुकल्या की काय म्हणून. मी थोडी गप्प बसले की मुलगा विचारायचा, "आई, बरं आहे ना?" ह्या लोकांना मी काय सांगणार, की मला त्या अकरा रात्रींची लाज वाटते, आणि कधीकधी त्यांची आठवणही येते? उन्माद फार गोड असतो हो. हे कुणाला सांगता येत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. माझ्या ओळखीत जळणारं दुसरं कुणी नव्हतंच.

अशी सात वर्षं गेली.

२००३ साली मिरजेत डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर एक बाई माझ्याशेजारी बसली. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, हातात रक्त तपासायची चिठ्ठी. माझ्या हातातही तशीच. लिथियम घेणाऱ्याला रक्तातलं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं. ती म्हणाली, "सकाळची गोळी घिऊनच आले बघा, इसरू नये म्हणून." मी म्हटलं, अहो, रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. नाहीतर आकडा चुकीचा येतो. ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमीबी ह्यातल्याच?"

मग तिनं सांगितलं. ती नदीकाठच्या एका गावात शिवणकाम करते. "दसऱ्याच्या आदी एका रातीत चौदा ब्लाऊज कापलं बघा, बाई. पहाटेपतोर कात्री थांबली न्हाई. आन् मग तीन म्हैनं एकबी शिवला न्हाई. गिऱ्हाइकं दारात. मी आतनं कडी घालून बसायची."

मी तिला माझ्या साठ वह्यांचं सांगितलं. आणि लुगड्यांचं. आम्ही दोघी त्या बाकावर अशा हसायला लागलो की कंपाउंडरनं डोकं बाहेर काढून बघितलं. सात वर्षांत मी त्या गोष्टीवर पहिल्यांदाच हसले होते. घरच्यांच्या दृष्टीनं ते संकट होतं, माझ्या दृष्टीनं पाप. तिच्या दृष्टीनं ते चौदा ब्लाऊज होते.

तिचं नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलंय. मी तिला आक्का म्हणते, लहान असली तरी. ती मला बाई म्हणते.

त्या दिवसापासून आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतो. बहुतेक वेळा आमच्या कुरुंदवाडच्या घाटावर, पावसाळ्यात आमच्या सोप्यात. नियम फारसे नाहीत. ऐकलेलं बाहेर जाणार नाही. एकमेकीला औषध सांगायचं नाही, ते डॉक्टरचं काम. आणि "मन घट्ट कर" हे वाक्य बोलायचं नाही.

औषध सांगायचं नाही, पण औषधासह जगायचं कसं हे मात्र आम्ही एकमेकींकडून शिकलो. मला आक्कानं शिकवलं की निर्जळी एकादशी आपल्यासाठी नाही. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, हाताची थरथर वाढली, तोल जायला लागला, तर थांबायचं नाही, तडक डॉक्टरकडं जायचं. गुडघेदुखीच्या पुष्कळ गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही लिथियम वाढतं, म्हणून दुकानातून आपल्या मनानं काही घ्यायचं नाही. हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं असेल. पण आपण डॉक्टरपुढं निम्मं ऐकतो आणि निम्मं विसरतो. आक्कानं सांगितलेलं विसरले नाही, कारण तिनं स्वतः एका आषाढीला ते भोगलं होतं.

आणखी एक काम आम्ही केलं, त्याचा मला अभिमान आहे. दोघींनी एकेका फुलस्केप कागदावर आपापली लक्षणं लिहून काढली. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप. रात्री बारानंतर लोकांना फोन. उधारीवर खरेदी. "मला आता गोळीची गरज नाही" असं म्हणणं. यातलं काही दिसलं तर दुसरीनं घरी फोन करायचा आणि पहिलीनं त्याचा राग धरायचा नाही. खाली सह्या. पुढं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात माणसाला बरं असतानाच लिहून ठेवता येतं की मी आजारी पडले तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं. वाचून मला गंमत वाटली. आमचा कागद कायद्याच्या नमुन्यातला नव्हता, पण घाटावरच्या दोन बायकांना पंधरा वर्षं आधी तेच सुचलं होतं.

तो कागद कामाला आला का? आला. २०१७ मध्ये हे गेले. माझ्या कागदावरचं त्यांचं नाव खोडून तिथं मुलाचं नाव लिहिताना आक्का शेजारी बसली होती. आणि २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही अंगावर आल्या, गावाचं बेट झालं. मला घर सोडून निघायचं होतं. तेवढ्यात आक्काचा फोन. तिच्या गावातही पाणी शिरलेलं. म्हणाली, "बाई, सोनंनाणं ऱ्हाऊ द्या, आदी गोळ्यांचा डबा घ्या." पुढं पूरग्रस्तांच्या छावणीत शे-दीडशे माणसांत झोपायचं होतं. दिवे जळत, मुलं रडत. झोप मोडणं हे आमच्या आजाराला पेटवणारं काडेपेटीतलं पहिलं काडं. रोज सकाळी तिचा फोन यायचा, एकच प्रश्न, "झोप लागली का, बाई?" मी "नाही" म्हटलं त्या दिवशी तिनं पुण्याला मुलाला फोन केला. वाट मोकळी होताच तो येऊन मला घेऊन गेला. त्या वर्षी मी आजारी पडले नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोन आजारी माणसं एकमेकांना काय सांभाळणार? हे मला अनेकांनी ऐकवलं आहे. त्यांना मी काही गोष्टी सांगते.

१९३५ साली अमेरिकेत बिल आणि डॉक्टर बॉब या दोन दारूड्यांनी एकमेकांशी बोलून दारू दूर ठेवायला सुरुवात केली. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस जगभर पसरलं. आपल्याकडं पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथं व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढं समुपदेशक होऊन नव्या रुग्णांचा हात धरत आली आहेत. कॅल्गरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. घरातलं दुःख न लपवता त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्ण आणि नातेवाईक यांचे स्वमदत गट हा तिच्या कामाचा गाभा. 'देवराई' हा २००४ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल, त्याच्यामागंही वाणी यांचा हात होता. पुण्यातच भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये बापू ट्रस्ट काढला. त्यांच्या आईला मनोरुग्णालयात काय भोगावं लागलं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. वस्तीतल्या माणसांनीच वस्तीतल्या माणसांना आधार द्यावा, ही त्यांच्या कामाची रीत. २०२४ मध्ये त्या गेल्या. मुंबईत विजय नल्लावाला यांनी स्वतःच्या बायपोलर आजाराबद्दल नावानिशी लिहिलं आणि 'बायपोलर इंडिया' हा समदुःखी लोकांचा समूह जमवला.

म्हणजे कल्पना नवी नाही आणि परदेशातून उचललेलीही नाही. फक्त ती पुण्या-मुंबईत अडकली आहे. कुरुंदवाडच्या बाईनं पुण्याच्या गटाला जायचं तर रजा, भाडं, आणि घरी काय सांगून निघायचं हा प्रश्न.

थोडं गणित मांडते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढांमध्ये दोनशेत एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार झालेला आढळला, आणि ज्यांना आजार आहे त्यातल्या सुमारे सत्तर टक्क्यांना उपचार मिळत नव्हते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आपण काही वेगळ्या मातीचे नाही. आमचं गाव वीस-बावीस हजार वस्तीचं. त्या हिशेबानं निदान सत्तर-पंचाहत्तर माणसं इथंच असणार, याच गल्ल्यांत, याच बाजारात. बावीस वर्षांत आम्हाला सापडली किती? आक्का आणि मी धरून चार.

पाचवी एक आली होती. दोनदा आली. तिच्या घरच्यांनी बंद केलं. मुलीचं लग्न व्हायचं होतं. आता बाजारात दिसली की ती नजर चुकवते. मी तिला दोष देत नाही. मीसुद्धा तेच केलं, मुलाच्या लग्नाच्या वेळी गोळ्यांचा डबा पिठाच्या डब्यामागं ठेवला होता. त्याचं बिल वीस वर्षांनी नातीनं भरलं.

ह्या गावाबद्दल एक सांगते, बाहेरच्यांना माहीत नसेल. आमच्याकडं पाच मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तेव्हापासूनची ही रीत. दंगलीच्या बातम्या वाचून लोक आमच्या गावाचं कौतुक करतात, आणि ते खरंच आहे. जे गाव एवढं मोठं मन दाखवू शकतं, त्या गावाला "माझ्या डोक्याचं औषध चालू आहे" असं म्हणणारं माणूस शेजारी बसवून घेणं अवघड का जावं? मधुमेहाच्या गोळ्या आपण लग्नाच्या पंगतीत काढून दाखवतो!

माझं मागणं लहान आहे. जिथं सरकारी किंवा खासगी मानसोपचार तज्ज्ञ आठवड्यातून, महिन्यातून एकदा येतात, त्या प्रत्येक ठिकाणी त्या दिवशी एक खोली तासभर मोकळी ठेवावी. सहा खुर्च्या, चहा. डॉक्टरांनी, ज्यांची तयारी आहे अशा रुग्णांना एवढंच सांगावं, की तुमच्यासारखी आणखी दोघं-तिघं बाहेर बसली आहेत, बोलायचं असेल तर बोला. नातेवाईकांसाठी वेगळा तास, कारण त्यांचं दुःख वेगळं असतं आणि आमच्यासमोर त्यांना बोलता येत नाही. यातून चुका होतील. कुणी कुणाला गोळ्या बंद करायला सांगेल, कुणी गोष्ट बाहेर फोडेल. म्हणून महिन्यातून एकदा डॉक्टरांनी किंवा एखाद्या समुपदेशकानं डोकवावं. दोघीही एकदम आजारी पडल्या तर काय, याचाही विचार आधी करून ठेवावा. आमचं एकदा, २०११ मध्ये, तसं झालं होतं. तेव्हा कागदावरच्या घरच्या माणसांनीच सावरलं.

आणि घरोघरच्या माझ्या वयाच्या लोकांना सांगणं आहे. घरातल्या पोरांना सांगा. रक्तदाब, मधुमेह, कर्करोग जसा सांगता तसं हेही सांगा. फार सोहळा करायची गरज नाही. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर सांगा.

त्या दिवाळीला नात कुरुंदवाडला आली. तोवर तिचं औषध बदललं होतं, झोप लागायला लागली होती. पहिल्या रविवारी मी तिला घाटावर नेलं. मला वाटलं, आजी-नातीचं आता खूप बोलणं होईल. कुठलं काय! ती आक्काशीच दोन तास बोलत बसली. मी थोड्या अंतरावर नदीकडं बघत होते. मधेच आक्काचा आवाज कानावर आला, "चौदा ब्लाऊज, पोरी, चौदा!" आणि पाठोपाठ नातीचं हसू.

असो. लिहिता लिहिता फार लांबलं, जुनी खोड आहे. कुणाला स्वतःसाठी किंवा घरातल्या माणसासाठी आत्ताच बोलायची गरज असेल तर टेली मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे, १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन करा. आणि बरं वाटल्यावर, तुमच्या बाकावर शेजारी कोण बसलंय तेही एकदा बघा.